उताराच्या अंगणात आडवे चर काढावेत की सरळ नाली करून पाणी गटारीला सोडावं?

आडवे चरच काढा. नालीचं ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकू नका. जोर देऊन सांगतोय, कारण हाच वाद आमच्या घरात अजून चालू आहे.

धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे मुरमाड उतारावर आमचं घर आहे. माझ्या चुलत्यांनी, नानांनी, मागच्या अंगणात वरून खाली सरळ नाली काढली होती. दर पावसाळ्यात तिच्यातून वरची माती वाहून जायची. निंबाची मुळं उघडी पडली तरी नानांचं एकच, "पानीले वाट दे." शेवटी मी गवंड्याकडून लेव्हलची नळी (पातळी मोजायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) आणली आणि फक्कीने एका पातळीची रेघ आखली. ती रेघ वळत जाते. दिसायला बरी दिसावी म्हणून सरळ करू नका, सगळी मेहनत वाया जाईल. रेघेवर दीड फूट रुंद, फूटभर खोल चर खणला, माती खालच्या अंगाला टाकली, एका टोकाला जादा पाणी बाहेर पडायला दगडांचा सांडवा ठेवला. खाली तसाच दुसरा चर काढला. नाना येता-जाता म्हणायचे, भिंतीला ओल येणार. पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा वरचा चर भरला, सांडव्यावरून पाणी खालच्या चरात उतरलं आणि फाटकातून बाहेर पडलं ते जवळजवळ नितळ होतं. नाना छत्री धरून बघत होते. भिंतीला ओल आजही नाही.

हजार चौरस फूट छपरावर 25 मिमी पाऊस पडला की सव्वादोन हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. ते गटारीत सोडायचं आणि उन्हाळ्यात टँकर मागवायचा, हे मला पटत नाही. असे चर पर्माकल्चरमध्ये, म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती-बाग आखायच्या पद्धतीत, काढतात. ती ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात मॉलिसन आणि होमग्रेन यांनी मांडली, म्हणून आपल्याकडे ती परकी वाटते. पण आमच्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड बंधाऱ्यांचे (नदी अडवून गावाने मिळून शेतांना पाणी द्यायच्या जुन्या पद्धतीचे) पाट काही शतकं जुने आहेत. उताराचा कल ओळखून पाणी फिरवणं आपल्याच लोकांनी केलंय. फरक इतकाच, की पाटाला किंचित ढाळ देतात. चराला द्यायचा नाही, त्यात पाणी मुरायला हवं.

मातीच्या वरंब्यावर शेवगा, हादगा, वाळा लावा, नाहीतर वरंबा पहिल्याच वर्षी खचेल. दोन चरांतलं अंतर उतार बघूनच ठरतं. उतार जास्त तसे चर जवळ. फारच तीव्र उतार असेल तर चर नकोत, दगडी ताली (उतारावरचे आडवे बांध) घाला.

एक मात्र आहे. काळ्या मातीवरच्या घराला नानांचं म्हणणं लागू पडतं. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, पाया हलतो. तिथे चर घरापासून लांब, अंगणाच्या खालच्या कडेलाच घ्या. मुरमातही पाया आणि सेप्टिक टँकपासून दहा फूट तरी सोडा. आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दिवसभरात मुरलं तर कामाला लागा. दोन दिवस तसंच राहिलं तर त्या जागी चर काढू नका.