घराचे काम साहित्यासह उक्ते द्यावे की केवळ मजुरीवर?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की कराडजवळ आपला दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे, नकाशा मंजूर झाला आहे, आपण उभयता पुण्यात नोकरीला आहात. ठेकेदार म्हणतो की साहित्यासह सगळे काम उक्ते द्या, आणि नातेवाईक म्हणतात की मजुरीवरच द्या, पुष्कळ पैसे वाचतील. आम्ही सातारा जिल्ह्यातच तीन गुंठ्यांवर तळमजला आणि वर एक मजला असे घर पूर्णपणे मजुरीवर बांधून घेतले. तरीही आपल्या परिस्थितीत मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही.

मजुरीच्या करारात साहित्य मालकाचे असल्यामुळे ते जपून वापरण्याचे गवंड्याला कारण नसते. विटा फुटतात, कालवलेला माल संध्याकाळी उरतो आणि टाकला जातो. साहित्यासह उक्त्या कामात याच्या नेमके उलट घडते. तेथे वाचलेले प्रत्येक पोते हा ठेकेदाराचा नफा असतो, आणि ते कोठून वाचले हे गिलावा झाल्यावर कोणालाच दिसत नाही. पहिल्या प्रकारात नुकसान पैशांचे होते, दुसऱ्यात मजबुतीचे होण्याचा धोका असतो. आम्हाला मजुरीचा करार झेपला, कारण वडील निवृत्त होते आणि आठ महिने रोज सकाळी साडेआठला वही घेऊन साइटवर खुर्ची टाकून बसत. (गवंडी त्यांना दर तासाला चहाचा आग्रह का करतात, हे त्यांना दुसऱ्या आठवड्यात कळले.) आपल्याकडे असे रोज बसणारे माणूस नसेल, तर नातेवाईक सांगतात ती बचत हाती लागणार नाही.

म्हणून मी मधला मार्ग सुचवतो. सिमेंट आणि सळई आपण स्वतः खरेदी करावी. वाळू, खडी, विटा आणि मजुरी ठेकेदाराकडे द्यावी. आणि ज्याने आराखडा काढला त्याच स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्येक भेटीचे वेगळे शुल्क ठरवून पायाचे खड्डे, फुटिंगची (कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीची) जाळी, कॉलमच्या सळयांचे पिंजरे आणि स्लॅबची बांधणी तपासायला बोलवावे. त्याची लेखी संमती मिळाल्याशिवाय काँक्रीट ओतायचे नाही, ही अट करारातच असावी. सळई घेताना नगांवर जाऊ नये, काट्यावर मोजून घ्यावी. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. या हिशेबाने 12 मिलिमीटर जाडीची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.66 किलो भरायला हवी. थोडा फरक मानकांनाही मान्य आहे. पण प्रत्येक नग एक किलोने हलका भरत असेल, तर माल परत पाठवावा. सिमेंट मात्र महिनाभरापेक्षा जास्त साठवू नये, विशेषतः पावसाळा तोंडावर असताना.

करारात सर्वांत जास्त लक्ष मोजमापाच्या कलमाकडे द्यावे, कारण आमची फजिती तेथेच झाली. आमच्या कागदावर 'बांधकाम क्षेत्रावर प्रति चौरस फूट दर' एवढेच लिहिले होते. शेवटच्या बिलात ठेकेदाराने छज्जे, जिन्यावरची खोली, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा आणि जमिनीतील पाण्याची टाकी हे सगळे वेगळे मोजले. त्याच्या दृष्टीने ते चूक नव्हते, आणि आमच्याजवळ दाखवायला एक ओळही नव्हती. अखेर दोन बैठका होऊन निम्म्यावर तडजोड झाली. छज्जा पूर्ण धरायचा की अर्धा, टाकी दरात आहे की नाही, ओटा, संडासाची टाकी व कुंपण कोणाच्या माथी, हे सगळे आधी लिहून घ्यावे.

पाण्याबाबत दोन गोष्टी करारात आकड्यांनिशी घालाव्यात. काँक्रीट पातळ असले की पसरायला सोपे जाते, म्हणून मजूर त्यात पाणी वाढवतात, आणि त्यामुळे ताकद घटते. भारतीय मानक 456 नुसार एम 20 प्रतीच्या नेहमीच्या मिश्रणात 50 किलोच्या एका पोत्यामागे पाणी 30 लिटरपेक्षा जास्त नसावे. दुसरी गोष्ट पाणी मारण्याची. याच मानकात साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटसाठी किमान 10 दिवस काँक्रीट ओले ठेवण्यास सांगितले आहे. दुकानात बहुतेक वेळा राखमिश्रित सिमेंटच मिळते, आणि उन्हाळ्यात त्याला 14 दिवस द्यावेत. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवता येते. कॉलमला ओले गोणपाट गुंडाळावे लागते आणि टाळाटाळ नेमकी तेथेच होते. या कामासाठी आम्ही शेजारच्या एका माणसाला वेगळे पैसे देऊन ठेवले होते, आणि संपूर्ण बांधकामात तो खर्च मला सर्वांत रास्त वाटला.

आपला प्लॉट कोयनेपासून फार दूर नाही. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप ज्यांनी अनुभवला, ती माणसे आजही त्या भागात भेटतील. म्हणून कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोके 90 अंशांत न वळवता 135 अंशांत आतल्या बाजूला वळवलेली आहेत का, आणि बीमच्या सांध्याजवळ रिंगा नकाशाप्रमाणे एकमेकींच्या जवळ बांधल्या आहेत का, हे इंजिनिअरला आवर्जून पाहायला सांगावे. मोबाईलवर छायाचित्रे मागवलीत तर पुण्यात बसूनही आपल्याला ते ओळखता येईल.

हप्ते जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, वीटकाम आणि गिलावा अशा टप्प्यांना बांधावेत, आणि जोते तपासणीचा दाखला हाती आल्याखेरीज पुढचा हप्ता सोडू नये. सुमारे 5 टक्के रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी. ठेकेदार कुरकुर करेल. आमचाही करत होता, परंतु जुलैमध्ये जिन्याच्या खोलीची भिंत ओली झाली तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी माणसे घेऊन आला.

एक काम मात्र कोणालाही दर विचारण्याआधी करून घ्यावे. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घेऊन काळी माती किती फुटांवर संपते आणि घट्ट मुरूम कोठे लागतो, ते पाहावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावर टेकवलेल्या पायाच्या भिंतींना तडे जातात. आमच्या दरात पाया 5 फूट धरला होता आणि मुरूम लागला 8 फुटांवर; वाढीव खोदाई, काँक्रीट आणि भराव यांचा भाव खड्डे उघडे पडल्यानंतर ठरवावा लागला, म्हणजे आम्हाला घासाघीस करायला जागाच उरली नव्हती. आपल्याला ठेकेदाराने सांगितलेला दर किती फूट खोलीचा आहे, हे आपण लिहिलेले नाही. खड्डे घेतल्यावर ती खोली सांगून त्याच्याकडून आणि आणखी एकाकडून नव्याने दर मागवावेत.