वाचक विचारतात: ठेच्याने जळणारे हात, कडकड मोडणारी बोटं

प्रश्न : ठेच्यासाठी मिरच्या चिरल्या की हात रात्रीपर्यंत जळतात. बिया काढल्या, कितीही वेळा पाण्याने धुतले, तरी तेच. काय करावं? (नंदुरबार)

उत्तर : बियांवर उगाच आळ येतो. तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि ते तयार होतं बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरेत. बियांना ते नुसतं लागतं. तेव्हा काढायची ती शीर, सुरीच्या टोकाने, बोटाने नव्हे.

हात भाजलेला मात्र नसतो. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ हे प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते मेंदूला ‘चटका’ कळवतं. कॅप्सेसिन चिकटलं की ते थंड हातावरही तीच बोंब ठोकतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये हे प्रथिन शोधलं; २०२१च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून कोरड्या हातांना आधी चमचाभर गोडेतेल घेऊन पेरांत, नखांखाली मिनिटभर चोळा. त्यावर भांडी घासायचा द्रव साबण लावा आणि गार पाण्याने धुवा. असं दोन-तीनदा करा. गरम पाणी नकोच. चिथावलेल्या तंतूंना कोमटही कढत लागतं. एवढं करूनही थोडं जळेल, कारण कातडीत मुरलेलं धुऊन निघत नाही. गार दुधात बोटं बुडवून बसा. चिरण्याआधीच हातमोजे घातले तर हा खटाटोप वाचतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर हातमोजे घालाच. डोळ्यात गेलंच तर फक्त स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, तिथे तेलाचा प्रयोग नको.

प्रश्न : बोटं मोडल्याने संधिवात होतो का? (सांगली)

उत्तर : तसा पुरावा नाही. सांधा ताणला की आतल्या वंगणद्रवात दाब उतरतो आणि वायूचा बुडबुडा तयार होतो, आवाज त्याचा. वायू पुन्हा विरघळायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून तेच बोट लगेच मोडत नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच राहिले. एकाच माणसाचा दाखला आहे, पण चिकाटी मानावी लागेल! मोडताना दुखत असेल किंवा सांधा सुजत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

प्रश्न : कपडे धुताना बोटांना सुरकुत्या पडतात, त्या पाणी शोषल्यामुळे का? (ठाणे)

उत्तर : फुगलेली कातडी हे कारण अपुरं आहे. पाणी घामाच्या छिद्रांतून आत शिरलं की मज्जातंतू बोटातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, आतला गर बसतो आणि वरची त्वचा चुणते. बोटाचा मज्जातंतू तुटला असेल तर त्या भागावर सुरकुती पडत नाही. लहान मूल बधिरपणा सांगू शकत नाही, तेव्हा जखमी हात ४० अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून डॉक्टर कधीकधी हीच परीक्षा घेतात.