आईबाबांना गोव्यात भारी हॉटेलात ठेवायचंय: पणजी, गाव की समुद्र? आणि हे खूळ आहे का?

तुम्ही विचारलेला प्रश्न एकच दिसतो, पण आत दोन आहेत. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आईवडिलांना गोव्यात तीन रात्री ठेवायचं, तर पणजीत, गावातल्या जुन्या घरात की समुद्रावरच्या पंचतारांकितात, हा पहिला. दुसरा तुम्ही शेवटी हळूच टाकलाय: काका म्हणतात एवढ्या पैशात साध्या लॉजवर दहा दिवस निघतील, तर हे खूळ आहे का? पहिल्याचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसले ती दुसऱ्यासाठी. आमच्याकडचे काका म्हणजे माझा मावसभाऊ, मुक्काम पुणे.

आम्ही फोंड्याचे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, सगळं हाकेच्या अंतरावर. म्हणजे ज्यांचं ज्यांचं कुलदैवत इथे, ते सगळे मे महिन्यात आमच्याकडे. एसी एकाच खोलीत, ती पाहुण्यांची. आईबाबा माजघरात फॅनखाली. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, म्हणून भाज्यांचं खतखतं, मंगळवारी ‘मावशी, बांगड्याचं हुमण कर ना’, आणि जाताना मानकुराद आंब्यांची पेटी. हे माझ्या लहानपणापासून चालू आहे. कुणी कधी विचारलं नाही की मावशी स्वतः कुठे जाते.

बाबा रिटायर झाल्यावर मी त्या दोघांसाठी समुद्रावरच्या एका मोठ्या हॉटेलात खोली बुक केली. नाव घेत नाही. घरापासून गाडीने तासभर. फॅमिली ग्रुपवर मावसभावाचा मेसेज: ‘गोव्यात राहून गोव्यातच हॉटेल? घर गळतंय का?’ त्याखाली तिघांनी हसरे चेहरे टाकले. त्यातले दोघे त्याच मे महिन्यात आमच्या एसीत झोपून गेलेले.

आता हॉटेलातलं सांगते, कारण त्यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. व्हाउचरवर ‘सी व्ह्यू’ छापलेलं. खोलीत गेलो तर बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून, एसीच्या बाहेरच्या डब्यावरून मान काढली की दोन माडांमधून एक निळी पट्टी. बाबा म्हणाले, ‘दिसतोय की.’ आई म्हणाली, ‘असू दे गो, भांडू नको.’ मी खाली गेले. रिसेप्शनवरचा मुलगा गोड बोलणारा. ‘मॅडम, हा पार्शल सी व्ह्यू आहे.’ मी व्हाउचर पुढे केलं आणि म्हटलं, यात पार्शल दाखव. त्याने ड्युटी मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने कॉम्प्युटरला बोलावलं, संध्याकाळपर्यंत समोरची खोली मिळाली. तेव्हा तुम्ही आधीच ईमेल करा, ‘पलंगावर बसून समुद्र दिसतो का’ एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर सगळ्यांनाच समुद्र दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर आईने पलंग आवरून ठेवलेला, टॉवेल घडी करून रचलेले, चहाचे कप बाथरूमच्या बेसिनमध्ये धुऊन उपडे घातलेले. तेवढ्यात हाउसकीपिंगची मुलगी आली. आई म्हणाली, ‘तूं खंयची गो?’ ती म्हणाली, ‘वाळपयची.’ मग काय, सत्तरीतलं कुठलं गाव, कुणाची कोण, पाच मिनिटं तेच. शेवटी मुलीने आईला खुर्चीत बसवलं आणि आवरलेला पलंग पुन्हा उसकटला. एका हाताने गादीचा कोपरा उचलायचा, दुसऱ्याने चादर आत सारायची, वर तळहात फिरवायचा. आई टक लावून बघत होती. ती गेल्यावर उठून तिने कोपरा ओढून पाहिला. सुटला नाही. ‘बरी घातली गो गादी,’ म्हणाली, आणि तशीच, सकाळी दहाला, आडवी झाली. आईला मी सकाळी दहाला आडवं झालेलं आजारपणाशिवाय पाहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मावसभावाचा फोन. ‘किती लागले?’ मी आकडा सांगितला. त्याने लगेच हिशोब केला, एवढ्यात त्याचं अख्खं कुटुंब कुठे कुठे फिरून आलं असतं. मीही तेव्हापासून एक हिशोब करून ठेवलाय: आमच्या पाहुण्यांच्या खोलीला रात्रीचं भाडं, तीन वेळचं जेवण आणि आंब्याची पेटी लावली, तर आजवरचं बिल किती होतं. त्याला अजून पाठवलेलं नाही. तर तुमच्या काकांना सांगा, खूळ नाही.

आता पहिला प्रश्न. तीन रात्रींत दोन हॉटेलं करू नका. ‘थोडं शहर थोडं गाव’ कागदावर छान दिसतं, प्रत्यक्षात अर्धा दिवस बॅगा भरण्यात आणि चेक-इनच्या वेळेची वाट बघण्यात जातो.

पणजीत राहायचं तर माझ्या मते दोनापावलाजवळ वायंगिणीला ताज सिदाद द गोवा. इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली, १९८२ सालची. भिंतींवर खोटी दारं-खिडक्या रंगवल्यात, बाबांसारखा माणूस तिथे अर्धा तास रमतो. शहरही जवळ, समुद्रही. बाबांच्या पिढीला मोठं हॉटेल म्हणजे पणजीचं ‘मांडवी’, १९५२ साली संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळी उघडलेलं. त्यांच्यासाठी आत जाऊन चहा पिणं हाच सोहळा होता. फोंतान्यास या पणजीच्या जुन्या वस्तीतली घरं फोटोत सुंदर, पण लाकडी जिने उभे असतात. गुडघ्यांची चौकशी आधी करा.

गावाकडचं म्हणाल तर लोटली, चांदर हा भाग. बाल्कांव म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, शिंपल्यांच्या खिडक्या, उंच छत, मागे परसू. लोटलीचं फिगेरेदो घर ताजमहालापेक्षा जुनं सांगतात आणि तिथे राहताही येतं. मला स्वतःला हे हॉटेलांपेक्षा आवडतं. पण तुमच्या आईवडिलांना संध्याकाळी सातनंतर करायला काही लागत असेल तर तिथे कंटाळतील. त्यांच्यासाठी एक दुपार काढा: केप्याला पालासियो दु देआंव, १७८७ सालचा वाडा, आधी कळवलं तर जेवण मिळतं.

समुद्रावर हवं तर दक्षिण. आरोशीपासून मोबोरपर्यंत सलग वाळू आहे, आणि वयस्क माणसांना चालायला याहून चांगलं काही नाही. इथल्या हॉटेलांची नावं बदलत असतात: आरोशीचं पार्क हयात २०१८ पासून आयटीसी ग्रँड झालंय, मोबोरची लीला आता सेंट रेजिस. टॅक्सीवाल्याला जुनं नाव सांगा, लवकर पोचाल. उत्तरेत फक्त सिंकेरीचं ताज, १९७४ पासून आग्वादच्या तटबंदीला लागून उभं. १९८३ साली राष्ट्रकुल परिषदेचे पाहुणे तिथे उतरले होते. नजारा कुठेही नाही असा, पण जागा चढावर. बाकी उत्तर गोवा वयस्कांसाठी नको. रात्री गाणी, दिवसा ट्रॅफिक. आणि ‘प्रायव्हेट बीच’ असं कुणी लिहिलं असेल तर हसून सोडून द्या, गोव्यात किनारा कुणाच्या मालकीचा नाही.

आणखी एक खंत. या सगळ्या हॉटेलांत सकाळी पॅनकेक मिळतो, डोसा मिळतो, पण पाव आणि पातळ भाजी मिळेलच असं नाही. एक दिवस नाश्ता सोडा आणि बाहेर जा.

राहिलेलं पटकन: भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी, तेव्हा दाखवलेला आकडा खरा धरू नका. नाताळ ते नववर्ष येऊ नका, दर वेड्यासारखे असतात. नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे चित्रपट महोत्सवाच्या, वेळी पणजी भरलेली असते. जून ते सप्टेंबर निम्म्यात काम होतं, पण समुद्रात उतरता येत नाही आणि किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्याच्या झोपड्या, बंद. ओला-उबर इथे नाही. गोवा माइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आहे, नाहीतर पूर्ण दिवसाची गाडी ठरवा, देवळं करायची असतील तर तेच स्वस्त पडतं. तुमच्या आईवडिलांना शांतता आवडत नसेल तर माझं दक्षिणेचं सगळं सांगणं बाजूला ठेवा, पणजीच घ्या.

मावसभाऊ हे वाचतच असेल, त्याच्यासाठीही एक शिफारस आहे. येत्या मे महिन्यात फोंड्यात कदंबा बसच्या स्टँडच्या आसपास चौकशी कर, लॉज मिळेल. एसीचे पैसे वेगळे पडतात.