बेसिनजवळचा टॉवेल

प्रश्न : घरात आम्ही सहा जण. बेसिनजवळ हात पुसायला एकच टर्किश टॉवेल असतो. चार दिवसांनी धुतो, तरी पावसाळ्यात कुबट वास जात नाही. पावडर वाढवली, कंडिशनर घातलं, उपयोग शून्य. काय चुकतंय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : टॉवेल वाळतच नाही, हे मूळ दुखणं. टर्किश टॉवेलच्या उभ्या फाशांमध्ये पाणी धरून राहतं. सहा जणांनी दिवसभर हात पुसल्यावर कोकणातल्या दमट हवेत तो रात्रीतूनही सुकत नाही. हातावरचा मळ आणि तेलकटपणा त्यात उतरलेला असतोच. ओल मिळाली की जंतू वाढतात, वास त्यांचाच. जादा पावडर पूर्ण निघत नाही, धाग्यांत बसते. कंडिशनरच्या थरामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो. तेव्हा कंडिशनर बंद, पावडर मापात.

जाड टॉवेलऐवजी पातळ सुती नॅपकिन किंवा पंचाचे तुकडे वापरा. पावसाळ्यात सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. आठ-दहा नग हाताशी हवेत. खिळ्याला अडकवू नका, दांडीवर पूर्ण पसरा. स्वयंपाकघरातला वेगळाच ठेवा.

वास मुरलेले पांढरे सुती नॅपकिन बादलीभर कढत पाण्यात मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा. काठीने ढवळा, सोडा हाताला झोंबतो. मग नेहमीसारखे धुऊन दोनदा खळबळा. मशीन असेल तर 60 अंशांवर लावा. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवून शेवटची ओल इस्त्रीने काढा.

घरात कुणाचे डोळे आले, खरूज झाली किंवा जुलाब लागले, तर त्या माणसाचा टॉवेल त्याच दिवशी वेगळा करा. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीत आणि राज्यात इतरत्र डोळ्यांची साथ होती, तेव्हाही डॉक्टर हेच सांगत होते.

प्रश्न : मंगल कार्यालयात बेसिनपाशी टांगलेल्या टॉवेलला हात पुसावेत का?

उत्तर : नाही. पंगतीगणिक शेकडो हात त्यालाच पुसले जातात. पण हात ओले ठेवूनही भागत नाही, कारण ओल्या हातांना जंतू जास्त चिकटतात आणि पुढेही जास्त जातात. हात नीट झटका आणि स्वतःच्या स्वच्छ रुमालाला पुसा. हा रुमाल नाकासाठी वापरू नका, घरी आल्यावर लगेच धुवायला टाका. कागदी नॅपकिन असतील तर सर्वांत बरं. गरम हवेचं यंत्र असेल तर हात पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबा. बहुतेक जण मध्येच निघतात आणि उरलेलं पाणी पँटला पुसतात.