वाचकांचे प्रश्न: डिसेंबरात लाइपझिगला जातोय, बाख कुठे ऐकावा?

प्रश्न: नमस्कार ताई. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, डिसेंबरात आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे जाणार आहोत, आणि तिथून लाइपझिग ट्रेनने जवळ आहे म्हणे. लहानपणापासून कान रागसंगीतावर पोसलेला. यूट्यूबवर बाख, हँडल, विवाल्दी या तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपियन संगीतकारांचं संगीत लावून बघितलं, सुरुवातीला मस्त वाटतं आणि थोड्या वेळाने सगळं सारखंच वाटायला लागतं. जिथे हे संगीत वाजायचं तिथे जाऊन ऐकलं तर फरक पडेल का? की तो आपला टूरिस्टी भ्रम? – एक वाचक, ठाणे

उत्तर: फरक पडतो, पण नुसत्या भिंतींमुळे नाही. बाख 1723 पासून 1750 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, लाइपझिगमध्ये नोकरीला होता आणि त्याचं काम काय, तर दर रविवारी चर्चमध्ये त्या दिवसाच्या बायबलच्या पाठाला धरून एक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची गायनरचना, सादर करायचा. सकाळी सातला सुरू झालेली उपासना तीनेक तास तरी चालायची, त्यात तासाभराचं प्रवचन, आणि कँटाटा सहसा प्रवचनाच्या आधी. गुड फ्रायडेला पॅशन, म्हणजे येशूच्या मृत्यूची गायलेली कथा, दोन भागांत व्हायचं आणि मधे प्रवचन. आपल्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो ना, तशी ती बांधणी, आणि नेमकं निरूपण काढून टाकून नुसती पदं सलग ऐकली तर कितीही गोड असली तरी काही वेळाने सारखी वाटणारच. तुमचं तेच झालंय. कानात दोष नाही.

शिवाय बरोकमध्ये, म्हणजे बाखच्या काळातल्या या युरोपियन संगीतशैलीत, बहुतेक वेळा एका तुकड्यात एकच भाव धरलेला असतो, तो शेवटपर्यंत सोडत नाहीत. रागसंगीत ऐकणाऱ्याला हे खरं तर सोपं जायला हवं, फक्त तो भाव कुठला हे शब्दांवरून कळतं आणि यूट्यूबवर शब्द समोर नसतात. लाइपझिगच्या लोकांनाही ते दिले जायचे बरं का, कँटाटांच्या शब्दांच्या छापील पुस्तिका विकत मिळायच्या, त्यातल्या काही अजून शिल्लक आहेत. त्यामुळे जायच्या आधी घरी एक प्रयोग करा. बाखच्या रचनांच्या यादीतला 140 नंबरचा (BWV 140) कँटाटा घ्या, 1731 च्या नोव्हेंबरातला. आधी सगळ्यात शेवटचा तुकडा दोनतीनदा ऐका, ते साधं भजनासारखं स्तोत्र आहे, चाल 1599 मध्ये छापलेली, म्हणजे बाखच्या श्रोत्यांना लहानपणापासून पाठ. मग भाषांतर हातात घेऊन पहिल्यापासून ऐका, तीच चाल सुरुवातीला सोप्रानो (सगळ्यात उंच आवाजाचे गायक) लांब लांब स्वरांत गातात आणि मधे टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) गातो तेव्हा खाली व्हायोलिनची भलतीच धून चालू असते. चाल आधी ओळखीची असली की मजा येते, नाहीतर ती तुमच्या समोरून निघून जाते आणि कळतसुद्धा नाही.

आता जागा. टोमासकिर्श, म्हणजे सेंट थॉमस चर्च, तिथे शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला 'मोटेट' असते, साधारण तासाभराची प्रार्थना, गाणारी बहुतेक वेळा टोमानर म्हणजे त्याच चर्चची मुलं, हा गट 1212 पासूनचा आहे आणि बाख त्यांचाच मास्तर होता. शनिवारी बरेचदा ऑर्केस्ट्रासह कँटाटा असतो. महागडी तिकिटं नसतात, दारात कार्यक्रमपत्रिका घ्यायची तेवढंच, पण लवकर जाऊन बसा. शाळेच्या सुट्टीत किंवा दौऱ्यावर असताना मुलं नसतात, म्हणून चर्चच्या वेबसाइटवर तारीख बघूनच ट्रेनचं तिकीट काढा. आणि ही उपासना आहे, आपणहून टाळ्या वाजवू नका.

आवाज मागून येईल, दचकू नका. गायक-वादक पश्चिमेच्या गॅलरीत असतात, बाखच्या वेळीही तिथेच होते, म्हणजे लोकांना कोणी गाताना दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. 1736 मध्ये बाखचं मॅथ्यू पॅशन झालं तेव्हा चर्चमधले दोन्ही ऑर्गन वापरले होते, त्यातला छोटा समोरच्या टोकाला, म्हणजे श्रोते दोन्हीकडून येणाऱ्या आवाजाच्या मधोमध. हेडफोनवर हे होत नाही.

डिसेंबरात तिथे सगळीकडे ख्रिसमस ऑरेटोरिओचे (बाखचीच ख्रिस्तजन्मावरची मोठी गायनरचना) बोर्ड दिसतील, जमलं तर नक्की जा, तिकिटं फार आधी संपतात. पण गंमत बघा, बाखच्या लाइपझिगमध्ये अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, दुसऱ्या रविवारपासून ख्रिसमसपर्यंत कँटाटा बंद असायचे, ऑर्केस्ट्राचं संगीत चर्चमध्ये नाहीच, आणि एवढ्या उपासानंतर 25 डिसेंबरला सकाळी ढोल आणि ट्रम्पेट! आज आपण तेच ऐन उपासाच्या दिवसांत ऐकतो. शिवाय तो सहा भागांचा, 1734 च्या 25, 26, 27 डिसेंबरला एकेक, मग 1, 2 आणि 6 जानेवारीला. एका बैठकीत सहाच्या सहा त्याने कधी वाजवले नाहीत. तुम्ही तेव्हा मुलाच्या घरीच असाल तर रोज सकाळी चहाबरोबर त्या त्या तारखेचा एकच भाग लावा, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. मला विचाराल तर कॉन्सर्टपेक्षा हे जास्त भारी.

जाता जाता, कॅथरिनेन्श्ट्रासवर त्सिमरमानचं कॉफीहाउस होतं, तिथे बाख विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घेऊन वाजवायचा, ऐकणं फुकट, कमाई कॉफीवर. ते शोधत फिरू नका, 1943 च्या बॉम्बहल्ल्यात इमारत गेली.

प्रश्न: व्हेनिसला 'विवाल्दीच्या चर्चमध्ये' विग घातलेल्या लोकांकडून त्याचं फोर सीझन्स ऐकलं. नवरा म्हणतो फसवणूक. खरं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: वाजवणं चांगलं असेल तर फसवणूक कसली, विगकडे बघू नका. पण रीवा देली स्कियावोनीवरचं पिएता चर्च असेल तर यजमानांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, कारण ते बांधायला घेतलं 1745 मध्ये आणि विवाल्दी 1741 मध्येच व्हिएन्नाला वारला होता. तो 1703 पासून शिकवत होता ती पिएताची संस्था मात्र खरी, टाकून दिलेल्या बाळांना सांभाळणारी, तिथल्या मुली चर्चमध्ये जाळीमागे बसून वाजवायच्या आणि त्यांना ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. सोलो व्हायोलिनसुद्धा मुलीच वाजवायच्या. विग घातलेले पुरुष तिथे नव्हतेच, तेव्हा खटकायचंच असेल तर ते खटकू दे. बाकी, फोर सीझन्स 1725 मध्ये छापलं गेलं तेव्हा प्रत्येक ऋतूबरोबर एक सुनीत होतं, कुत्रा कुठे भुंकतो, कोण बर्फावर घसरतं, सगळं लिहिलेलं. ते वाचून पुन्हा ऐका.

प्रश्न: बरोक संगीताची जुन्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग्ज माझ्या हार्मोनियमशी जुळत नाहीत, बेसूर का वाटतात? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: बेसूर नाहीत, खाली आहेत. मुख्य फरक पट्टीचा: हल्ली 440 हर्ट्झला (सेकंदाला 440 कंपनं) जो स्वर लावतात तो ही जुनी वाद्यं वाजवणारे बहुतेक वेळा 415 ला लावतात, म्हणजे जवळपास एक पट्टी खाली, काळी एक धरलीत तर ते पांढरी एकला. 415 हा आजच्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे, तेव्हा गावोगावी पट्टी वेगळी असायची. खुद्द लाइपझिगमध्ये ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर वर होते, त्यामुळे बाख ऑर्गनवाल्यासाठी कागद एक स्वर खाली उतरवून लिहून द्यायचा. तुम्ही हार्मोनियमवर एक पट्टी खाली धरून वाजवून बघा, बहुतेक जुळेल.