वाचक विचारतात : बंदूक घेऊ का?

मागच्या अंकात शस्त्र परवान्याबद्दल एका वाचकाला चार ओळीत उत्तर दिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत. नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, प्लेडेटला मित्रांकडे जातो. परवा घरी येऊन म्हणाला की अमुकच्या बाबांच्या बेडरूममध्ये ड्रॉवरमध्ये पिस्तूल आहे, त्याने दाखवलं. माझे हातपाय गार पडले. त्या आईला हे विचारायचं कसं? आणि दुसरं म्हणजे आमच्या भागात देसी घरांमध्ये सोन्यासाठी चोऱ्या झाल्यात, त्यामुळे नवरा म्हणतोय आपणही एक घेऊन ठेवू. तो एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. — एक आई, टेक्सस

आधी नवऱ्याचं घेते कारण ते लवकर संपतं. एच-वन-बी वर असताना बंदूक घेता येत नाही. नुसती विकत घ्यायला नाही, जवळ बाळगायलाही नाही, गोळ्यासुद्धा नाहीत. हा फेडरल कायदा आहे त्यामुळे टेक्ससमध्ये सगळं चालतं वगैरे इथे कामाचं नाही. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे, म्हणून काही आयटीवाले ते काढतात आणि मग दुकानात जातात, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात व्हिसाबद्दल सरळ विचारलेलं असतं, खोटं लिहिलं तर गुन्हा, आणि मग ग्रीन कार्डचं काय होईल ते सांगायला नको. मित्राच्या नावावर घेऊ हाही गुन्हाच. वीकेंडला ऑफिसची मंडळी शूटिंग रेंजवर नेतात तिथेही हीच अट लागू होते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आता सोनं. चोर घर रिकामं बघून येतात, लग्नाला गेलात, इंडियाला गेलात, दिवाळीच्या पार्टीला गेलात की. तेव्हा घरातली बंदूक काय करणार? सोन्याबरोबर तीही जाणार आणि पुढच्या चोरीत वापरली जाणार, अमेरिकेत गुन्हेगारांकडे पोचणाऱ्या बंदुकांमध्ये अशा चोरलेल्या खूप असतात. पाटल्या-तोडे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, अलार्म लावा, इन्स्टाग्रामवर एअरपोर्टचे फोटो परत आल्यावर टाका. कंटाळवाणा सल्ला आहे, माहितीये.

आणि आता मुलाचं, जे खरं महत्त्वाचं. मुलाला पीनटची अ‍ॅलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा आहे का, पूल आहे का हे सगळं आपण विचारतोच ना, त्याच दमात विचारायचं, "घरात गन आहे का, असेल तर लॉक करून ठेवलीये का?" टेक्ससमध्ये हा प्रश्न ऐकून कोणी दचकत नाही, बंदूक बाळगणारे समजूतदार लोक तर उलट खूश होऊन सेफ दाखवतात. तुमच्या बाबतीत तर पोराने बघितलंच आहे, त्यामुळे आडवळण नको, फोन करा आणि सांगा की मुलांच्या हाताला लागतंय. टेक्ससच्या कायद्यात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, त्यांना माहीत नसेल कदाचित. त्यांनी हसण्यावारी नेलं तर प्लेडेट तुमच्याकडे. लोकांना वाईट वाटतं तर वाटू दे.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचं प्रकरण वाचलं असेल. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये 15 वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी ब्लॅक फ्रायडेला घेतलेलं. त्या दिवशी सकाळीच शाळेने आईवडिलांना बोलावून मुलाने काढलेलं बंदुकीचं चित्र दाखवलं होतं, तरी त्याला घरी नेलं नाही आणि घरी पिस्तूल आहे हे सांगितलं पण नाही. 2024 मध्ये दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली, शाळेतल्या गोळीबारासाठी आईबापांना अशी शिक्षा व्हायची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

पण शाळेचा गोळीबार बातमीत येतो, दुसरं मरण येत नाही. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातल्या 26 हजारांच्या वर आत्महत्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून जास्त. घरात कोणी नोकरी गेल्यामुळे खचलंय, टीनएजर मुलगा-मुलगी गप्प गप्प आहे, अशा वेळी त्या घरातून बंदूक काही महिने तरी बाहेर असलेली बरी, हे तिथले डॉक्टरच सांगतात. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर 988 हा आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर तिथे कुठूनही लागतो.

प्रश्न : गांधीजी स्वतः म्हणाले होते की इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य म्हणजे देशाला निःशस्त्र करणारा कायदा. मग आपल्या घटनेत शस्त्राचा हक्क का नाही? अमेरिकेत आहे तर. — एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, वाक्य गांधीजींचंच आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते अर्धवट फिरतं एवढंच. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात ते इंग्रजांच्या सैन्यासाठी भरती करत हिंडत होते त्या पत्रकातलं ते आहे, सैन्यात या म्हणजे शस्त्र चालवायला शिकाल असा सूर. रोख होता लॉर्ड लिटनच्या 1878 च्या कायद्यावर, जो हिंदी माणसाला लागू आणि गोऱ्याला सूट. राग त्या भेदभावाचा होता आणि तो रास्तच होता. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसनेही शस्त्राचा हक्क घातला होता, अर्थात नियमांच्या अधीन राहून. पुढे 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घ्यावा म्हणून दुरुस्ती मांडली, आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरसकट सगळ्यांना हा हक्क द्यायचा तर चोर-दरोडेखोरही त्यात येतात, हा त्यांचा मुद्दा होता. फाळणीच्या दंगली डोळ्यासमोर होत्या हे विसरू नका. आज कलम 19 मध्ये शांततेने जमायचा हक्क आहे तोही 'शस्त्रांशिवाय'. आणि अमेरिकेत 1791 पासून दुसरी घटनादुरुस्ती असली तरी घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक हा व्यक्तीचा हक्क आहे असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्टपणे पहिल्यांदा सांगितलं ते 2008 साली, तेही 5 विरुद्ध 4 ने.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातले. धाकटा भाऊ कॉन्ट्रॅक्टर आहे, म्हणतो लायसन्स काढायचंच, सगळ्यांकडे आहे, आपल्याकडे नसेल तर लोक किंमत देत नाहीत. मला पटत नाही पण अडवू कसा? — एक भाऊ

दादा, तुमच्या पत्रातलं 'किंमत देत नाहीत' हेच सगळं सांगून जातं. भाऊ जिवाला धोका आहे असं म्हणतच नाहीये! आणि परवाना मागताना मात्र अर्जात जिवाला धोका असंच लिहावं लागणार.

कायदा असा आहे. 1959 चा शस्त्र कायदा, 2016 चे नियम. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी करून अहवाल देतात, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागतं, डॉक्टरचं लागतं, घरात सुरक्षित ठेवायची सोय आहे असं लिहून द्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, आधी तीन चालायची. लग्नात, मिरवणुकीत, वाढदिवसाला हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विनापरवाना कट्टा सापडला तर किमान दोन वर्षं.

कागदावर हे अमेरिकेपेक्षा शंभरपट कडक आहे. पण पोलिसांचा अहवाल कसा यायचा ते तालुक्यात कोणाचं चालतं त्यावर ठरतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर बीडमधल्या परवान्यांचा आकडा बाहेर आला, एका जिल्ह्यात हजाराच्या वर! मग धडाधड नोटिसा आणि परवाने रद्द. हेच आधी का नाही झालं? आणि गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण, देशमुखांना गोळी घातलेली नव्हती, मारहाण करून करून मारलं. आरोपपत्रानुसार मुळात होती पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी. म्हणजे वाळू, वीजकेंद्राची राख, पवनचक्की, टेंडर, ज्या धंद्यात कायद्याने तंटा सुटत नाही आणि पैसा मात्र रोखीत फिरतो तिथे माणसाला वचक लागतो. कमरेचं पिस्तूल हे त्या वचकाचं विजिटिंग कार्ड आहे, शर्ट जरा वर करून बसायचं, फोटोत दिसेल असं. हेच रीलमध्ये बघून अठरा-वीस वर्षांची पोरं मध्य प्रदेशातल्या उमर्टीचा गावठी कट्टा शोधत फिरतात, कारण त्यांना परवाना कोण देणार.

भावाला भीती घालून उपयोग नाही, हिशोब सांगा. भांडण झालं आणि त्याने पिस्तूल काढलं की नुसता धाक दाखवला तरी गुन्हा, आणि समोरच्याने ते हिसकावलं तर गेला कामातून. परवानाधारक बॉडीगार्ड ठेवतो म्हणाला तरी फेब्रुवारी 2024 च्या दहिसरच्या प्रकरणाची आठवण करून द्या, माजी नगरसेवकाला फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या ते पिस्तूल मारणाऱ्याच्या बॉडीगार्डचं होतं, परवान्याचं. आणि कॉन्ट्रॅक्टरला किंमत बिलं वेळेवर निघाल्याने येते हो.

प्रश्न : ताई, मी पुण्यात कॉलेजला आहे. ग्रुपमध्ये जाम वाद झाला. माझं म्हणणं, बंदूक मारत नाही माणूस मारतो. स्वित्झर्लंडमध्ये घराघरात बंदुका आहेत तिथे काही होत नाही, आणि आपल्याकडे बंदुका नाहीत तरी कोयता गँग आहेच की. मुळावर घाव घाला, बंदुकीवर कशाला? — एक विद्यार्थी

अर्धं बरोबर आहे तुझं. राग बंदुकीतून येत नाही. चोऱ्या, मारामाऱ्या यात अमेरिका युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा फार वेगळी नाहीये. मेलेल्यांचा आकडा मात्र कैकपट. 2017 च्या अंदाजानुसार तिथे 100 माणसांमागे 120 बंदुका सामान्य लोकांच्या घरात होत्या, आपल्याकडे परवान्याच्या आणि बेकायदा धरून 5 च्या आसपास.

कोयत्याचंच घे. जून 2023, सदाशिव पेठ, भरदिवसा एक मुलगा एका मुलीच्या मागे कोयता घेऊन धावला आणि तिथल्या स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांनी त्याला धरलं, कोयता हिसकावला, मुलगी वाचली. हातात काही नसलेली तुझ्यासारखी पोरं. आता दुसरं बघ, मे 2022, टेक्ससमधलं उवाल्डी, अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या दुकानातून कायदेशीर रायफली घेतलेला एक मुलगा प्राथमिक शाळेत शिरला, 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या, आणि ट्रेनिंग घेतलेले, शस्त्रं असलेले 376 पोलीस आले तरी त्याला संपवायला 77 मिनिटं लागली, कारण आत रायफल होती आणि दारात जायची छाती होत नव्हती. दोन्हीकडे राग तेवढाच असेल कदाचित. हातातल्या वस्तूने फरक पडला.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर तुझ्यावरच उलटतं. तिथे बऱ्याच घरांत बंदूक येते ती सैन्याच्या सेवेतून, ट्रेनिंगसकट, आणि घरी द्यायच्या गोळ्या 2007 नंतर बंद केल्या. 2003 च्या सुमाराला त्यांनी सैन्य निम्मं केलं, घरातल्या बंदुका कमी झाल्या, तर त्या वयाच्या पुरुषांच्या आत्महत्याही कमी झाल्या आणि बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. आपल्या यवतमाळ-अमरावतीकडे बंदुकीच्या जागी कीटकनाशकाचा डबा ठेवून बघ. श्रीलंकेने 1990 च्या दशकापासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आत्महत्येचा दर पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आला. त्या वीस वर्षांत तिथल्या लोकांचं कर्ज फिटलं, संसार सुखाचे झाले असं काही नाही. तो एक वाईट तास निघून गेला, एवढंच.

मुळावर घाव घालाच, कोण नको म्हणतंय. पुण्यात तलवारीने केक कापणाऱ्या पोरावर शस्त्र कायद्याची कलमं लागतात, दोन दिवसांनी सुटून येतो तर वस्तीत तो भाई झालेला असतो, कारण त्या वयात त्याला इतर कोणी मोठं म्हणत नाही, शाळा आठवीत सुटलेली, काम म्हणजे डिलिव्हरी नाहीतर गाडी धुणं. त्याला वीस वर्षं लागतील बदलायला. तोवर त्याच्या हातात काय असावं हे ठरवायला तेवढी थांबायची गरज नाही.

प्रश्न : आमची सिंधुदुर्गात आंब्या-काजूची बाग. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आजोबांपासून आहे. प्रत्येक इलेक्शनला पोलीस जमा करायला सांगतात, आणि नेमकी तेव्हाच माकडं आणि डुकरं उतरतात. आम्ही काय गुन्हेगार आहोत का? — एक बागायतदार

अजिबात नाही, आणि तुमचा वैताग खरा आहे. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करावीत असं नाही, प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करायला जिल्ह्यात छाननी समिती असते. तुमच्यावर एकही गुन्हा नाही, परवाना शेतीसंरक्षणाचा आहे आणि पिकाचा हंगाम चालू आहे, असा लेखी अर्ज सातबाऱ्याची आणि परवान्याची प्रत लावून आचारसंहिता लागल्या लागल्या द्या, पोच घ्या. चार-पाच बागायतदारांनी मिळून दिला तर लवकर बघतात. जमा करावीच लागली तर पावती सांभाळा आणि निकालानंतर आठवडा झाला की लगेच परत मागायला जा. आणि तेवढं एक, परवाना आजोबांच्या नावावरच राहिलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या, नाहीतर ती बंदूक आज कायद्याने विनापरवानाच आहे.