धोपावे-दाभोळ फेरीने आंबा न्यायचा? आधी एवढं बघा

गुहागर तालुक्यातून दोन-तीन बागायतदारांनी एकच विचारलंय, कलमं थोडी, पेट्या थोड्या, दापोलीला गिऱ्हाईक मिळालंय, तर माल धोपाव्याहून फेरीबोटीने न्यावा की चिपळूणवरून फिरून?

दापोलीचं गिऱ्हाईक असेल तर फेरीच. वाशिष्ठीची खाडी काही मिनिटांत पार होते, नाहीतर चिपळूण-खेडचा एवढा मोठा वळसा, डिझेल जातं ते जातंच, वर खड्ड्यात पेट्या आदळून फळ डागाळतं. वाशीला, म्हणजे नवी मुंबईच्या घाऊक बाजारात, माल पाठवायचा असेल तर मात्र फेरीचा काही उपयोग नाही, तो चिपळूणमार्गे हायवेनेच जाऊ द्या.

आता खरी गोम भाड्यात आहे. फेरीला भाडं गाडीचं लागतं, आत 10 पेट्या असोत की 60. एकट्याने पिकअप नेलीत तर वाचलेलं डिझेल तिथेच गेलं समजा, म्हणून वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून एकच गाडी भरा अन् भाडं पेटीमागे वाटून घ्या. येताना गाडी रिकामी आणू नका हो, जूनची लागवड करायची असेल तर दापोलीला आपलं कृषी विद्यापीठच आहे, कलमांची चौकशी आधी करून ठेवा. आणि माल म्हणजे टोपलीभर भाजी किंवा आमसुलं एवढंच असेल तर गाडी कशाला, पायी चढा, पलीकडे दाभोळहून एसटी मिळते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते रांगेत. मे महिन्यात शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या लागतात, आपली पिकअप तासभर उन्हात तापते, आणि काढलेला हापूस तापला की साका वाढतो. वरून फळ एकदम सुरेख, कापलं की आत पांढरट स्पंज. घरगुती गिऱ्हाईक एकदा असं फसलं की पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय, फार वाईट वाटतं.

तेव्हा आंबा आदल्या दिवशी 4 नंतर नूतन झेल्याने (आंबा देठासकट काढायची काठीवरची जाळी) देठासकट काढा, 85 टक्के तयार झालेलाच, रात्री सावलीत पसरून ठेवा, आणि सकाळची पहिली फेरी धरा, शक्यतो मधल्या वारी. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळू नका, आत वाफ धरते, हिरवी शेडनेट टाका. पिकवायचं काम पलीकडे पेंढ्यात होऊ दे, पिकलेलं फळ बोटीवर चढवायचंच नाही. आणि निघण्याआधी जेट्टीवर एक फोन करा, वारा सुटला की फेरी थांबते आणि भरलेली गाडी तिथेच अडकून बसते.